फी तुमची, आयुष्य तिचं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की घराबाहेरच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला हाताशी धरा, आजकाल याला मेंटरिंग म्हणतात. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळची बाकीची पत्रं (वाटण्या, सुना, गुडघे) पुढे ढकलली. मी नोकरीची सगळी वर्षं बडोद्यातल्या एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात काढली. आयटीआय करून आलेली शिकाऊ मुलं आमच्याकडे यायची, वर्षभर राहायची आणि पांगायची. मला जे थोडंफार कळतं ते तिथे कळलं. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

“आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची मुलगी हुशार आहे. दहावीला चांगले मार्क पडले तेव्हापासून तिची फी, पुस्तकं, मोबाईलचं रिचार्ज सगळं मी बघतो. मी बँकेतून निवृत्त झालोय, मुलगा कॅनडात, घरी आम्ही दोघंच. रोज संध्याकाळी बसवून मी तिला अकाउंट्स शिकवलं. बारावी कॉमर्स उत्तम झाली. बी.कॉम. आणि मग बँकेच्या परीक्षा असं आमचं ठरलं होतं. मोबाईल मीच घेऊन दिलाय, म्हणून अधूनमधून बघतो. त्यात मला मेसेज दिसला की हिने फाइन आर्ट्सच्या प्रवेशाचा फॉर्म भरलाय. मला विचारलंसुद्धा नाही! मी विचारलं, एवढी वर्षं मी काय फुकट घातली? तेव्हापासून ती घरी येत नाही. तिची आई रडते, म्हणते, साहेब तुम्ही सांगाल तेच होईल. पैसे बंद करू का? म्हणजे तरी ताळ्यावर येईल.” – एक वाचक, मांजलपूर

साहेब (काका म्हणण्याइतकी मी लहान नाही), तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तुमचं म्हणणं आहे, मावशींचं रडणं आहे, माझ्यासाठी एक प्रश्नही आहे. मुलीच्या तोंडचं मात्र एकही वाक्य नाही. ‘आमचं ठरलं होतं’ यातल्या ‘आमचं’मध्ये ती होती का?

आधी मावशींकडे बघू, कारण तिथे काम तातडीचं आहे. त्यांची नोकरी तुमच्या घरात, मुलीची फी तुमच्या खिशातून. अशी बाई ‘तुम्ही सांगाल तेच होईल’ म्हणते ती पटलं म्हणून नव्हे, दुसरं काही म्हणणं तिला परवडत नाही म्हणून. तेव्हा आजच, तुमच्या पत्नीसमोर, त्यांना स्पष्ट सांगा: मुलगी काहीही शिको, तुमच्या कामाला आणि पगाराला धक्का लागणार नाही. आणि फक्त सांगून थांबू नका. या महिन्याचा पगार नेहमीच्या तारखेला, नेहमीसारखा हातात पडू दे. तो पडल्याशिवाय त्यांचा विश्वास बसायचा नाही.

आता मोबाईल. मुलगी अठराची झालेली दिसते, पण चौदाची असती तरी मी हेच सांगितलं असतं. घेऊन दिलेली वस्तू दिली की तिची होते. तुम्ही तिचे मेसेज वाचता हे तिला आता कळलंय, आणि ती घरी का येत नाही याचं निम्मं उत्तर मला वाटतं त्यातच आहे. तिची माफी मागा. ‘तुझ्या काळजीपोटी’ वगैरे शेपूट न लावता मागा.

आमच्या वर्कशॉपमध्ये फिटरच्या मुलांना पहिले काही आठवडे कानस चालवायला लावत. व्हाइसमध्ये लोखंडाचा ठोकळा, त्याच्या दोन बाजू घासून काटकोनात आणायच्या. मुलगा घासतो, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) लावतो, ठोकळा उजेडाकडे धरतो. पट्टी आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की समजायचं, अजून उंचवटा आहे. आमच्याकडे दोन तऱ्हेचे इन्स्ट्रक्टर होते. एकाला मुलाचा हात वाकडा चाललेला बघवत नसे. तो कानस हिसकावून घेई आणि चार हातांत ठोकळा सरळ करून देई. त्याच्या बॅचचे ठोकळे देखणे दिसत. दुसरा हात पाठीमागे बांधून उभा राही आणि एवढंच म्हणे, “उजेड कुठून येतोय बघ.” परीक्षेच्या दिवशी ठोकळा नवा आणि इन्स्ट्रक्टर बाहेर. त्या दिवशी कुणाची मुलं उभी राहत हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही अकाउंट्स मनापासून शिकवलंत, त्यात शंका नाही. पण पुढची कानसही तुम्हीच हातात घेतलीत.

पैशाचं म्हणाल, तर पैसे तुमचे आहेत. फाइन आर्ट्सला द्यायचे नसतील तर देऊ नका, कुणी जबरदस्ती करणार नाही. मात्र ‘मला झेपत नाही’ किंवा ‘मला पटत नाही’ म्हणून हात आखडता घेणं निराळं आणि ताळ्यावर आणायला पैसे रोखून धरणं निराळं. दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे सरळ शब्द आहे: वेठीला धरणं.

आपल्या बडोद्याचंच उदाहरण घ्या. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तेव्हा करार झाला होता. शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करायची. अट कडकच होती, पण ती कागदावर होती आणि निघण्याआधी वाचून सही केलेली होती. तुमची अट तुमच्या मनात होती आणि मुलीला ती फॉर्म भरल्यावर कळली. त्या गोष्टीचा पुढचा भाग आपण बडोदेकर जरा हळू आवाजात सांगतो. १९१७ मध्ये ते करार पाळायला इथे आले. नोकरी होती, महाराजांचा पाठिंबा होता, पण या गावात त्यांना कुणी खोली देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं. काही दिवसांत लोक काठ्या घेऊन आले आणि तिथूनही त्यांना बाहेर काढलं. संध्याकाळच्या गाडीपर्यंतचा वेळ कमाटीबागेत काढून ते मुंबईला परतले. फी भरणारा राजा होता, तरी फीच्या पलीकडचं जे लागतं ते त्यांना इथे मिळालं नाही.

त्याच गोष्टीत केळुसकर गुरुजीही आहेत, आणि मला विचाराल तर मेंटर कसा असावा हे त्यांच्याकडून शिकावं. कृष्णाजी अर्जुन केळुसकर मुंबईत शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसलेला दिसे. त्याला त्यांनी ‘काय वाचतोस’ म्हणून विचारलं आणि पुस्तकं दिली. १९०७ साली तो मुलगा, म्हणजे भीमराव, मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराला हजर राहून स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा सयाजीरावांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. मुलाला काय आवडतं ते आधी बघितलं, आणि आपल्या हातात नव्हतं तिथे ज्याच्या हातात होतं त्याच्याकडे नेऊन उभं केलं.

तुम्हाला चित्रातलं कळत नाही, मलाही नाही. ज्याला कळतं तो माणूस शोधणं हे आता तुमचं काम. आणि ती काही परगावी निघालेली नाही, विद्यापीठ आपल्या गावातच आहे. फाइन आर्ट्सची ही फॅकल्टी १९५० पासून चालू आहे. पेंटिंग विभागाचे पहिले प्रमुख ना. श्री. बेंद्रे, म्हणजे इंदूरचा आपला मराठी माणूस. तिथे पेंटिंगच आहे असं नाही, अप्लाइड आर्ट्स आहे, म्युझियॉलॉजी (संग्रहालयशास्त्र) आहे. अप्लाइड आर्ट्स झालेली मुलं जाहिरातीत, छपाईत, पॅकेजिंगमध्ये नोकऱ्या करतात. तिथून शिकून बाहेर पडलेल्या कुणाकडे तरी मुलीला घेऊन जा. तुम्ही बाजूला बसा आणि बोलू तिला द्या. जमलं तर त्याआधी तिची स्केचबुकं बघायला मागा आणि शेवटच्या पानापर्यंत काही बोलू नका. ‘छान’ही नको.

आणि अकाउंट्स फुकट गेलं नाही हो. स्वतःचं जीएसटीचं बिल स्वतः फाडणारे चित्रकार किती असतील?

“ताई, मी पंचवीस वर्षांची आहे, गोत्रीला राहते, आयटीत काम करते. एका संस्थेतर्फे दर शनिवारी नववी-दहावीच्या मुलांना शिकवते. त्यातला एक चौदा वर्षांचा मुलगा मला रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅप करतो. आधी अभ्यासाचं विचारायचा. परवा लिहिलं, ‘दीदी, एक सांगायचंय, पण प्रॉमिस करा की कुणाला सांगणार नाही.’ मी ‘प्रॉमिस’ लिहून टाकलं. मग त्याने लिहिलं की ट्यूशनचे सर सगळे गेल्यावर त्याला थांबवून घेतात आणि जे करतात ते त्याला आवडत नाही. पुढे काही लिहिलं नाही. मी शब्द दिलाय. काय करू?”

पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुला फोन केला होता आणि पुढची पावलं तू उचललीस. तुझ्या परवानगीने इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी, कारण मुलांबरोबर काम करणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते.

असा शब्द देता येत नाही आणि दिला गेला असेल तर तो पाळता येत नाही. मुलाकडे परत जाऊन तसं सांगायचं, आणि दिवसा, समोरासमोर सांगायचं: “मी घाईत प्रॉमिस केलं. पण तुला कुणी त्रास देत असेल तर ती गोष्ट मला माझ्याजवळ ठेवता येणार नाही. तुला सुरक्षित ठेवू शकतील त्यांनाच मी सांगेन, आणि कुणाला सांगतेय ते तुला आधी सांगेन. तू सांगितलंस ते बरोबर केलंस. यात तुझी काही चूक नाही.” एवढं बोलून थांबायचं. ‘काय केलं, कुठे हात लावला, किती वेळा, नक्की ना’ हे आपण विचारायचं नसतं. ते विचारायला शिकलेली माणसं वेगळी असतात, आणि मुलाला तेच चार जणांपुढे उगाळायला लागलं तर तो गप्प होतो. तो आपणहून जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहून ठेवायचं. मेसेज पुसायचे नाहीत आणि कुणालाही फॉरवर्ड करायचे नाहीत, अगदी संस्थेच्या ग्रुपवरसुद्धा. आणि त्या सरांना जाब विचारायला जायचं नाही. तुझा राग मी समजू शकते, पण जाब विचारलास तर सर सावध होतात आणि ताप मुलाला होतो.

आता कायदा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या सगळ्यांसाठी आहे, मुलग्यांसाठीही. बरेच जण हा फक्त मुलींचा कायदा समजतात. त्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कुणावरही बंधनकारक आहे. पुरावा गोळा करून मगच जा असं कायदा म्हणत नाही. गुन्हा घडल्याचं कळूनही न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे, नंतर संशय खोटा निघाला तरी. कुठून सुरुवात करावी हे सुचेना तर १०९८, चाइल्डलाइन, चोवीस तास, फुकट. जीवावरचा प्रसंग असेल तर ११२.

संस्थेत ज्यांच्याकडे ही जबाबदारी असेल त्यांना त्याच दिवशी सांगायचं. त्यांनी “आधी आपल्यात बघू, संस्थेचं नाव आहे” असं म्हटलं तर मान डोलवून घरी येऊ नकोस, तुझं बंधन त्याने सुटत नाही. आई-वडिलांना साधारणपणे सांगायचंच असतं. धोका घरातूनच असेल तर आधी चाइल्डलाइनला विचारायचं.

रात्रीच्या मेसेजचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. नियम हवाच: मुलांशी बोलणं संस्थेच्या ग्रुपवर, त्यात समन्वयक असलेच पाहिजेत, आणि रात्री आठनंतर उत्तर नाही. मात्र हा नियम तू या आठवड्यात लावू नकोस. त्याने एवढं मोठं सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी दीदीने फोन बंद केला, असं त्याला वाटता कामा नये. महिन्याभराने, सगळ्या मुलांना मिळून सांग. आणि तुझी झोप उडाली असेल तर १४४१६ वर टेलिमानसचे समुपदेशक असतात. ते मोठ्यांसाठीही आहेत.

“मी अठरा वर्षांची आहे, दांडिया बाजारात राहते. आमच्या ज्ञातीच्या मंडळात गुणगौरव समारंभ असतो. मागच्या वर्षी मला स्टेजवर उभं करून सांगितलं की हिचे वडील रिक्षा चालवायचे, आता आजारी असतात, घरी खायची भ्रांत, तरी बघा कशी शिकते. चेक देतानाचा फोटो फेसबुकवर आहे, कॉलेजमधल्या सगळ्यांनी बघितला. या वर्षीही बोलावलंय. पैसे हवे आहेत. जाऊ की नको?”

जा. पैसे तुझ्या मार्कांचे आहेत, सोडू नकोस.

त्याआधी चिटणिसांना एक मेसेज कर. मी मजकूर देते, बदलून घे: “काका, कार्यक्रमाला येईन. माझं नाव आणि मार्क वाचावेत, घरच्या परिस्थितीबद्दल बोलू नये ही विनंती. मागच्या वर्षीचा फोटो आणि खालचा मजकूर काढावा.” तोंडी सांगू नकोस. तोंडी सांगितलं की “अगं त्यात काय एवढं” म्हणून विषय संपतो. उत्तर आलं नाही तर बाबांना किंवा एखाद्या मावशीला बरोबर घेऊन जा. तुझ्या घरचं कुणाला आणि किती सांगायचं हे तू आणि तुझे आई-बाबा ठरवाल. पाच हजारांच्या चेकबरोबर तो हक्क मंडळाकडे जात नाही.

मंडळाची मंडळी हा अंक वाचतातच, तर दोन शब्द त्यांच्यासाठी. पैसे थेट खात्यात टाका. स्टेजवर बोलवायचं तर मुलांना काय शिकायचंय ते विचारा आणि माईक त्यांच्या हातात द्या. देणगीदारांना गहिवर हवा असतो हे मला माहीत आहे, मीही अशा समित्यांवर बसलेय. तो गहिवर अठरा वर्षांच्या मुलीच्या चारचौघांतल्या अब्रूवर काढायचा नसतो. कुणाचं डोळ्यांत पाणी आल्याशिवाय पाकीट उघडत नसेल तर ते पाकीट तुम्हाला नकोच.

“आमच्या मंडळात ज्येष्ठ सभासद भरपूर आहेत, वेळही आहे, अनुभवही आहे. प्रत्येकाला एक-एक मराठी मुलगा किंवा मुलगी जोडून द्यावी, दर रविवारी घरी बोलावून मार्गदर्शन करावं असा विचार आहे. गणपतीत उद्घाटन करू. काही सूचना?” – एक चिटणीस

एक सूचना आहे, उद्घाटन पुढच्या गणपतीत करा.

अमेरिकेत ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ नावाची जुनी संस्था आहे. तिच्या कामाचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. दहा ते सोळा वर्षांची ९५९ मुलं घेतली. निम्म्यांना मेंटर लगेच दिला, निम्म्यांना थांबवून ठेवलं. दीड वर्षाने बघितलं तर मेंटर मिळालेली मुलं शाळा कमी बुडवत होती, नशेकडे कमी वळली होती, आई-वडिलांशी त्यांचं जास्त बरं जमत होतं. एवढं सगळे सांगतात. २००२ साली जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी हीच आकडेवारी, नातं किती दिवस टिकलं या अंगाने पुन्हा तपासली. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत फायदा सगळ्यात जास्त होता. आणि जिथे तीन महिन्यांच्या आतच मेंटर गळाले, तिथे मुलांच्या मनातली स्वतःची किंमत आधीपेक्षा घसरली होती. म्हणजे चार रविवार येऊन गायब होणाऱ्या माणसापेक्षा कुणीच न आलेलं बरं.

तेव्हा सभासदांना पहिला प्रश्न हा विचारा: पुढच्या वर्षात न्यू जर्सी की टोरांटो? बडोद्यात थंडी सरली की निम्मं मंडळ मुलांकडे जातं. जे सलग एक वर्ष इथे आहेत तेवढेच घ्या. पाच निघाले तर पाच जोड्या करा.

‘घरी बोलावून’ हे मात्र मला अजिबात मान्य नाही. भेट चारचौघांत हवी. मांडवीची सेंट्रल लायब्ररी आहे, कमाटीबाग आहे, मंडळाचा हॉल आहे, दार उघडं ठेवून. सभासद कितीही सज्जन असोत, चौकशी सगळ्यांची करा: ओळखणाऱ्या दोघांशी बोला, पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, अध्यक्षांच्या मेहुण्यांचंही. रागावतील ते राहिले. पहिल्या भेटीआधी मुलाच्या घरी जा, चहा घ्या, आई-वडिलांना सगळं सांगा. आणि महिन्यातून एकदा मेंटर सोडून तिसऱ्याच माणसाने मुलाला फोन करून विचारावं, कसं चाललंय. असा फोन येतो हे सगळ्यांना आधीच माहीत असलं पाहिजे. मुलाला मेंटर बदलून हवा असेल तर कारण न विचारता बदला.

आणि ‘अनुभव भरपूर’ याचीच मला जरा धास्ती वाटते. मॉरो आणि स्टाइल्स यांनी १९९५ मध्येच अशा ८२ जोड्यांचा अभ्यास केला. मुलाला सुधारायचा बेत मनात घेऊन आलेल्या मेंटरांच्या जोड्या फार टिकल्या नाहीत. मुलाच्या आवडीने चालले, आधी ओळख होऊ दिली, त्यांच्या बहुतेक टिकल्या. निवृत्त माणसाला पहिले दोन महिने उपदेश न करता सेव-उसळ खात बसता येईल का, याची एखादी परीक्षा घेता आली तर बघा.

“मी शिकवते ती मुलगी मला आई म्हणते. म्हणू द्यावं का?”

तिला आई आहे ना? मग हसत हसत मावशीवर आणा आणि आठवड्यातून एकदा तिच्या आईशी स्वतः बोला. आई नसेल तर म्हणू द्या. मात्र मग पुढची दहा वर्षं तुमचा नंबर बदलता कामा नये.

“दोन वर्षं मी शेजारच्या चाळीतल्या मुलाला गणित-विज्ञान शिकवतोय. आता मुलाकडे पुण्याला कायमचं जायचंय, दिवाळीनंतर. त्याची दहावी मार्चमध्ये. त्याला सांगायचा धीर होत नाही. निघायच्या आदल्या दिवशी सांगावं म्हणतो, म्हणजे त्याचा अभ्यास मोडणार नाही.”

आदल्या दिवशी नको. याच आठवड्यात, तारखेसकट सांगा. तो चिडेल, दोन रविवार येणारही नाही. नाही आला तर नाही. तुम्ही ठरल्या वेळी बसून राहा. मुलांना माणूस गेल्याचं जेवढं लागत नाही तेवढं न सांगता गेल्याचं लागतं, आणि पुष्कळदा ती समजतात की आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून कारण खरं सांगा: गुडघे, एकटेपणा, सुनेचा आग्रह, जे असेल ते.

‘रोज फोन करीन’ म्हणू नका. पुण्यात नातवंडं आहेत, होणार नाही. रविवारी सकाळी दहा, अर्धा तास, व्हिडिओ कॉल, दहावी होईपर्यंत. एवढंच कबूल करा आणि तेवढं पाळा.

निघण्याआधी दुसरा शिकवणारा शोधा आणि दोन-तीन वेळा तिघं एकत्र बसा. कुठले धडे झाले, कुठे अडतो, काय चांगलं जमतं (तुम्ही पत्रात लिहिलंय की प्रकाशाच्या धड्यातल्या आकृत्या तो तुमच्यापेक्षा सुबक काढतो, तेही) हे त्या नव्या माणसासाठी एका कागदावर लिहा. तो कागद आधी मुलाच्या हातात द्या. त्याला काही खोडायचं असेल तर खोडू दे.